ओळंब्यात

"फाइट," दवाखान्यातला व्यायाममास्तर ओरडला.

"काय म्हणतोय?" गवंड्याने विचारलं. दोन समांतर दांड्यांच्या मधे तो उभा होता आणि दोन्ही दांडे त्याने असे आवळून धरले होते, की बोटांची पेरं पांढरी पडली होती.

"भांडा म्हणतोय," त्याची बायको म्हणाली.

"कुणाशी?"

"पायांशी. माझ्याशी भांडता ना, तसं."

"तुझ्याशी भांडून कधी जिंकलोय मी," तो पुटपुटला आणि त्याने उजवा पाय वीतभर पुढे सरकवला. हात मात्र दांड्यांवरून सुटेनात.

व्यायाममास्तर परमुलखातला. पोरगा गुणी, पण एका इंग्रजीशिवाय दुसरं अक्षर कळत नव्हतं त्याला, आणि गवंड्याला इंग्रजीचा गंध नव्हता. बायकोने कपड्यांच्या कारखान्यात मशीनवर बसून, सुपरवायझरची बोलणी खात जे काही इंग्रजी गोळा केलं होतं, त्यावर तिघांचा गाडा चालला होता. गवंडी परांचीवरून पडला, तेव्हापासून त्याला उठवणं, बसवणं, न्हाऊ घालणं, इथवर आणणं, सगळं तिच्या एकटीच्या अंगावर. आज मोठे डॉक्टर येणार होते. हात सोडून उभा राहिला, तर चालण्याचा व्यायाम पुढे चालू. नाही तर उद्यापासून चाकाच्या खुर्चीची सवय करायची. सकाळपासून दोघांनीही त्या खुर्चीचं नाव काढलं नव्हतं. ती घडी घालून कोपऱ्यात उभी होती.

"डोन्ट स्ट्रगल," व्यायाममास्तर आता हळू आवाजात म्हणाला. "स्ट्राइव्ह."

"आता काय?"

ती जरा घुटमळली. "धडपडू नका म्हणतोय. पण नेटही सोडू नका."

"मघाशी भांड म्हणाला, आता धडपडू नको म्हणतो. याचं एक काही ठरतं का?"

"वेगळं असतं ते. मशीनमधे दोरा अडकला तर हिसकायचा नसतो. चाक हाताने धरून हळूहळू फिरवायचं, मग सुटतो. तसं."

हे गवंड्याला पटलं असावं. त्याने पकड जराशी सैल केली, लगेच डावीकडे झुकला आणि पुन्हा दांड्याला बिलगला. व्यायाममास्तर आणखी काहीतरी म्हणाला, ओव्हरकम की काय. ते सांगायच्या भानगडीत ती पडलीच नाही.

"सरळ उभे राहा," ती म्हणाली.

"सरळच तर आहे."

"डावीकडे कललाय."

"मी?" गवंड्याला रागच आला. "उभा जन्म भिंती उभ्या करण्यात गेला माझा. सरळ कशाला म्हणतात ते तू शिकवणार मला?"

पिशवीतून तिने दोऱ्याची बॉबीन काढली, दोरा हातभर सोडला, टोकाला दोरे कापायची छोटी कात्री बांधली आणि त्याच्यासमोर धरली. "हा घ्या ओळंबा. बघा तुम्हीच."

पण सकाळपासून त्याला उचलून तिचा हात भरून आला होता. तो कापत होता, आणि कात्री इकडून तिकडे झुलत होती.

"असा धरतात का ओळंबा?" गवंडी म्हणाला. "थांबव तो आधी."

"थांबत नाहीये."

"हलत्या ओळंब्याने भिंत बघतं का कुणी?" त्याने डावा हात पुढे केला आणि दोन बोटांनी कात्री अलगद थोपवली. "आणि दोरा असा चिमटीत धरायचा नाही. बोटावरून सोड. जाऊ दे, आण इकडे." उजवा हातही आला.

व्यायाममास्तर काही बोलायला गेला. तिने नुसत्या डोळ्यांनी त्याला दटावलं आणि दोरा हातात तसाच ठेवून एक पाऊल मागे सरकली.

"अगं, चाललीस कुठे?" म्हणत तो पुढे आला. आणखी एक पाऊल. दोरा त्याच्या हातात आला आणि मग त्याच्या ध्यानात आलं. दोन्ही हातांत दोरा होता. दांडे दोन्ही बाजूंना मोकळे होते.

तो डगमगला. पण त्याने दांड्याकडे पाहिलंच नाही, दोऱ्याकडे पाहिलं, आणि डावीकडचं अंग हळूहळू आणून दोऱ्याच्या रेषेत लावलं. उभा राहिला.

व्यायाममास्तरने टाळी वाजवली, मग दोनदा नाक ओढलं. त्याला काय सांगितलंस, असं तिला विचारू लागला. तिला हसूही येत होतं आणि डोळेही भरून येत होते, त्यामुळे इंग्रजी काही केल्या आठवेना.

"त्याला विचार," गवंडी म्हणाला, "उपकार मानायचे असले तर इंग्रजीत काय म्हणतात."

तिने विचारलं. "थँक यू," पोरगा म्हणाला.

"ते मलाही येतं. त्याहून मोठं काय?"

पोराने बराच विचार केला. "थँक यू सो मच?"

"बस? झगडायला एवढे शब्द आणि इथे येऊन संपले यांचे?"

"तेवढं चालतं. म्हणून टाका त्याला."

"त्याला म्हणतोच. चांगला पोरगा आहे. पण मला तुझ्यासाठी हवा होता शब्द."

ती पुढे सरकली, त्याला धरायला.

"थांब. हलू नकोस." त्याने दोरा वर उचलून तिच्यासमोर धरला. कात्री जागच्या जागी स्थिर झाली. एक डोळा मिटून त्याने तिला कपाळापासून पावलांपर्यंत पाहिलं, नवी भिंत पारखावी तसं, सावकाश.

"एवढं ओझं घेतलंस अंगावर," तो म्हणाला, "आणि तू अजून ओळंब्यात आहेस."