डिस्कांची जोडी

वैजयंती भरलेली बॅग घेऊन दारात उभी होती, पण आपण कुठे निघालो आहोत तेच तिला आठवेना.

"हेरंब, मी कुठे जाणार होते रे?"

"मला काय ठाऊक?" नवरा स्वयंपाकघरातून म्हणाला. "थांब, चहा टाकतो."

शोकेसमधल्या दोन्ही डिस्कांवरचे दिवे लुकलुकत होते. म्हणजे आत्ताच काहीतरी पुसलं गेलं होतं. लग्नानंतर दोघांनी आपल्या आठवणी या जोडीवर ठेवल्या, तेव्हा डिस्क बसवणाऱ्याने बजावलं होतं, "एक बिघडली तरी दुसरीत सगळं शाबूत राहील. मात्र एकाने पुसलं, की दोघांचंही जाईल."

"तू काही पुसलंस का?"

"पुसलं असेल. नकोसंच असणार काहीतरी."

तिने बॅग उचलली, तशी मनगटातून कळ गेली. तिथे चार बोटांचे ताजे वळ होते.

"अगं, हे कशानं झालं?" हेरंब चहा तसाच टाकून धावत आला. त्याची काळजी अगदी खरी होती.

तिलाही सांगता येईना. मग ती बॅगेतल्या साड्या परत कपाटात लावू लागली. हात इतके सराईतपणे चालले, की तिचं तिलाच नवल वाटलं.