झोंबणारे थेंब

"नीट आठवा. थेंब कधी चुकले होते का?" डॉक्टरीणबाईंनी पुन्हा विचारलं.

"एक वेळ घड्याळ चुकेल, पण आमची ही नाही चुकायची," पेंटर ठासून म्हणाला. "दिवसातून चार वेळा, गजर लावून. सव्वा वर्षात एक खाडा नाही."

"बाटली संपत आली की तीच दुकानात दाखवून दुसरी आणते," शेजारी बसलेली बायको हळूच म्हणाली.

एवढी निगा राखूनही बसवलेलं बुबुळ गढूळ का व्हावं, हे डॉक्टरीणबाईंनाही उमगेना.

"काका, उजवा डोळा तर लहानपणीच गेलाय तुमचा. उद्या या डाव्यात दुसरं बुबुळ बसवतेय. हेही गेलं, तर तिसऱ्याची आशा मी दाखवणार नाही."

पेंटरने भिंतीवरच्या अक्षरांच्या तक्त्याकडे पाहिलं. चाळीस वर्षं दुकानांच्या पाट्या रंगवलेला माणूस तो! आता हाताएवढं अक्षरही त्याला धुक्यात बुडालेलं दिसायचं.

उठताना बायको स्टुलाला धडकली.

"अगं, हळू! एका घरात एकच पेशंट पुरे."

"तेच तर म्हणते मी," ती म्हणाली.

ऑपरेशनच्या टेबलावर त्याने देवाला हात जोडले, तेही मनातल्या मनात, कारण हलायची सोय नव्हती. पुढे पाच दिवस दवाखान्यात काढले. तिथे थेंब सिस्टर घालायची.

"हे झोंबत कसे नाहीत हो, सिस्टर?"

"झोंबायला काय झालं?"

"घरचे जाम झोंबायचे. डोळ्यातून घळाघळा पाणी! ही म्हणायची, झोंबतंय म्हणजे लागू पडतंय."

"कंपनी वेगळी असेल," सिस्टर हसली आणि पुढच्या खाटेकडे गेली.

सहाव्या दिवशी तो घरी आला आणि खिडकीपाशी बसला. समोरच्या लाँड्रीची पाटी त्यानेच रंगवलेली. तिची एक वेलांटी वाकडी निघाली होती आणि ते त्याला आज दिसलं! त्याला रडावंसं वाटलं, पण डॉक्टरीणबाईंनी डोळ्याला जपायला सांगितलं होतं.

गजर वाजला. बायकोने कपाटातला औषधांचा डबा उघडला. घरातलं झाडून सगळं औषध त्यातच असायचं. ती चाचपून बाटली घेऊन आली.

"मान वर करा. मिटायचा नाही हं डोळा."

तिचं बोट नेहमीसारखं कपाळावरून भुवईवर उतरलं. या बोटासाठी तो जीव टाकायचा. आज तिचा चेहराही जवळून दिसत होता, म्हणून तो तिच्याकडे बघून हसला. ती हसली नाही. तिची नजर त्याच्या खांद्यावरून मागच्या भिंतीकडे लागली होती.

"जरा झोंबेल," ती म्हणाली आणि तिने बाटली तिरकी केली.

बाटलीवर कानाचं चित्र होतं.