घंटी वाजेपर्यंत

कान्होजीने पंपावर तळहात टेकवला आणि चटकन मागे घेतला. पंप चांगलाच तापला होता. आतून घंटी मात्र वाजत नव्हती.

मानसिंगराव सरदारांच्या बंगल्यात पोहण्याच्या हौदाचा कायदा सोपा होता. बायका हौदावर गेल्या की भिंतीबाहेरच्या कोठडीत कान्होजीने पंप सुरू करायचा. पोहणे झाले की त्या घंटी वाजवणार, मग पंप बंद. पंपाचा आवाज येतोय तोवर कुणा पुरुषाने, अगदी खुद्द सरकारांनीही, आत पाऊल टाकायचे नाही. पडदा म्हणजे पडदा!

एरवी तासाभरात घंटी वाजे. आज दुपार कलली तरी पत्ता नाही. पंप विलायतेहून आलाय, हे मानसिंगरावांनी इंदरगंजापासून गोरखीपर्यंत साऱ्या ग्वाल्हेरला ऐकवले होते. कान्होजीला वेगळे ऐकवले होते : "हा जळला तर तुझी नोकरी गेली समज." या वयात त्याला दुसरीकडे कोण ठेवून घेणार? आणि बायका पाण्यात असताना पंप थांबवला, तर जोडे ठरलेले. इकडे आड, तिकडे विहीर.

मग त्याच्या मनात भलतेच आले आणि पंपाची काळजी कुठल्या कुठे गेली. सरकारांच्या लेकीला, शालिनीताईसाहेबांना, उद्या हळद लागायची होती. नवरा बिजवर, सरकारांच्याच वयाचा. पोर आठवडाभर धड जेवली नव्हती. आज एकाएकी डोळे पुसून म्हणाली, शेवटचे पोहून घेते. हौद पुरुषभर खोल. सोबत फक्त तिची आई, विजयाबाई. त्यांना पोहता येत नव्हते.

कान्होजी भिंतीकडे धावला. भिंतीला तोंड लावून तो ओरडला, "आईसाहेब! ताईसाहेब ठीक आहेत ना? पंप एकदम गरम झालाय. बंद करू का?"

 मग विजयाबाईंचा दबका आवाज आला, अगदी भिंतीपाशी.

"बंद नका करू, कान्होजी. जळला तर जळू द्या. शालू तिच्या मामाबरोबर स्टेशनवर गेलीय. मुंबईची गाडी सुटेपर्यंत चालू ठेवा."

 पोर जिवंत होती. कान्होजीला रडूच आले. पण रडायलाही सवड मिळाली नाही. दारात मानसिंगराव उभे होते. कोठडीत जळका वास सुटला होता.

"इतका वेळ काय चाललंय? आत आहे तरी कोण?"

कान्होजीने मुजरा केला.

"दोघीही आहेत, सरकार," तो म्हणाला. "ताईसाहेब आत्ता कुठे पाण्यात उतरल्यात."