अर्ध्या भावातला गेम

स्वस्त म्हटलं की लोकांची अक्कल पिशवीत जाते. कुंताबाईची जात नसे. सत्त्याऐंशी साली भंडाऱ्याच्या एका मोठ्या दुकानानं साकोलीत शाखा काढली आणि हातात धरायचे व्हिडिओ गेम अर्ध्या भावात टोपलीत ओतले, तेव्हा लेक शकुन तिचा पदर धरून हटून बसली.

"येवढं स्वस्त काहून जी? कोनी वापरून वापस केलं का?" कुंताबाईनं विचारलं.

"कोरा माल आहे बाई," गल्ल्यावरचा माणूस हसला.

ओरखडा शोधायला कुंताबाई दाराकडे वळली आणि तिनं बंद गेम उजेडात तिरपा धरला. काळ्या काचेत पाठीमागचा गल्ला दिसला. त्या माणसाचं बोट धरून शकुन तिथं उभी होती.

कुंताबाईनं खाली पाहिलं. शकुन तिच्याजवळच होती, पदर मुठीत घट्ट.

तिनं टोपलीतला दुसरा गेम उचलून पाहिला. काचेत तेच.

"तुमचा माल तुमालेच ठेवा," ती म्हणाली. "मले नाही पाहिजे."

त्यानं भाव उतरवला नाही. आपल्या बाजूच्या रिकाम्या जागेकडे तो वाकला आणि समजुतीनं म्हणाला, "चाल बेटा. तुही माय नाही म्हनते."

कुंताबाईच्या पदराला बसलेली ओढ सुटली.