एक अडवला

लेंपीला पुरलं त्याच हिवाळ्यात तिचा नवरा वाल्फ्रिड लाहती आपला लॅपटॉप उशीच्या अभ्र्यात गुंडाळून कॅल्युमेटच्या वाचनालयात आला आणि मार्लिसच्या टेबलावर ठेवत म्हणाला, "मी कुणाला दिसता कामा नये."

"कुणाला, काका?" मार्लिसने विचारलं. ती वाचनालय सांभाळायची आणि मंगळवारी म्हाताऱ्यांच्या कॉम्प्युटरची दुखणी बघायची.

"माझ्या मुलीला."

बाकीचं मार्लिसला ठाऊक होतं. गावात सगळ्यांनाच ठाऊक होतं. बायको गेल्यावर तिचा रिकामा माग वाल्फ्रिडला डोळ्यांसमोर नकोसा झाला. थडग्यावरची फुलं सुकायच्या आत त्याने तो शिकागोच्या एका प्रवाशाला देऊन टाकला. त्याच मागावर आईने मुलीला, आयलीला, विणायला शिकवलं होतं. "माझ्या दारात येऊ नका, फोन करू नका," एवढं बोलून आयली गाडीने चार तासांवरच्या डलूथला निघून गेली.

वाल्फ्रिडने तसा शब्द दिला आणि पाळला. ज्याची वाट बघावी असा एकच फोन होता आणि तो आता येणार नव्हता, म्हणून त्याने फोनची तारच भिंतीतून उपटून टाकली.

उरली होती आयलीची वेबसाइट. ती चिंध्यांच्या सतरंज्या विणायची आणि रोज सकाळी मागावरच्या सतरंजीचा एक फोटो टाकायची. वाल्फ्रिड पान उघडून कॉफी ओतायचा, तेवढ्यात फोटो यायचा. आज निळा पट्टा, उद्या तांबडा. त्यावर त्याचा दिवस निघायचा.

काल त्याला पानाच्या तळाशी एक ओळ दिसली होती. या पानावर कोण येतं त्याची नोंद ठेवली जाते.

"मी येतो हे तिला कळलं तर पान बंद करील ती," तो म्हणाला. "मग माझ्याकडे काहीच राहत नाही."

मार्लिसने लॅपटॉप आपल्याकडे वळवला. "दोन एक्स्टेंशन आहेत, ब्राउझरला जोडायची. एक पानाचं पोट उघडून दाखवतं. पान कशाचं बनलंय, त्याला काय काय चिकटवलंय, मोजणारं कोण, सगळं. दुसरं तुम्हाला झाकतं. मोजणाऱ्याला दारातच अडवतं."

"दोन्ही घाल."

"हे मशीन तुमच्याहून थकलंय. दोन्ही घातली तर मटकन बसेल. आधी पहिलं घालू या ना? नोंद कसली आहे ते तरी कळेल."

"कोंबडी चोरायला आलेला माणूस कुत्र्याची जात विचारत बसतो का, पोरी? मला बघायचं नाही. मला लपायचंय."

मार्लिस हसली. तिने झाकणारं घातलं. कोपऱ्यात इवलीशी ढाल उमटली आणि शेजारी अक्षरं आली: एक अडवला.

"एकच?" मार्लिस म्हणाली. "कुठल्याही दुकानाच्या पानावर दहा-वीस तरी निघतात."

"एक पुरे झाला."

दुसऱ्या दिवशी उठल्याबरोबर त्याने स्वयंपाकघराचा पडदा वर ओढला. त्या गल्लीत एकट्या म्हाताऱ्यांची ती रीतच होती. समोर ओन्नी राहायचा. त्याला फोनची घंटा ऐकू येत नसे, पण डोळे शाबूत होते. पडदा वर दिसला की माणूस जिवंत. नाही दिसला की बूट घालायचे आणि जायचं. लहानपणी आयली शाळेला जाताना गल्लीतले पडदे मोजत जायची.

ढाल जागेवर होती. एक अडवला. वाल्फ्रिडला बरं वाटलं.

फोटो मात्र त्या दिवशी दुपारी आला. कॉफी तीनदा तापवून झाली होती. शुक्रवारच्या फोटोत पट्टा वाकडा होता. आयलीचा पट्टा कधी वाकडा जात नसे. शनिवारी जोराचं बर्फ सुरू झालं आणि फोटो आलाच नाही. रविवारीही नाही.

सोमवारी ओन्नी वेलचीचा पाव घेऊन आला.

"तुझा पडदा आज उशिरा वर गेला," तो ओरडला. "एक बूट घातला होता मी."

"एकच?"

"दुसऱ्याला वेळ लागतो. आणि मेल्यावर तुला कसली घाई?"

वाल्फ्रिड हसला नाही. "आयलीचा फोटो नाही," तो ओन्नीच्या कानाशी म्हणाला. "आजारी असेल का रे?"

"फोन कर तिला!"

"शब्द दिलाय."

"मग जा!"

"दारात येऊ नका म्हणाली."

"मग बस ओंडक्यासारखा!" ओन्नीने पाव कापला आणि मोठा तुकडा त्याच्या पुढ्यात सरकवला. वाल्फ्रिडने तो नुसता हातात धरून ठेवला. बाहेर रस्ताच दिसत नव्हता.

मंगळवारी तो पुन्हा अभ्रा घेऊन मार्लिससमोर उभा राहिला. "ते दुसरं घाल," तो म्हणाला. "पान बिघडलंय का, एवढंच बघ. पानच बिघडलं असू दे."

मार्लिसने ढाल काढली, पोट उघडणारं घातलं, आणि वाचू लागली.

"पान ठणठणीत आहे, काका. जाहिरात नाही, काही नाही. एकच वस्तू जोडलीय, तीही हाताने लिहिलेली. कॅल्युमेटमधून कुणी पान उघडलं की आयलीच्या फोनवर घंटा वाजते. दुसऱ्या कुठल्या गावाहून उघडलं तर नाही." तिने एका ओळीवर बोट ठेवलं. "तिने नावही दिलंय त्याला. बाबांचा पडदा."

त्याच मंगळवारी बर्फ काढणाऱ्या गाडीला अ‍ॅशलंडच्या पुढे, डलूथहून कॅल्युमेटकडे येणाऱ्या रस्त्याच्या कडेला, बर्फात गाडली गेलेली आयलीची गाडी सापडली. आयली लाहती शनिवारी, अकरा फेब्रुवारीला वारली.