शिटी

तुरुंगात शिटी वाजली, की गिनतीसाठी उकिडवं बसायचं. सुटल्यावर गोंदिया स्टेशनावर शिटी वाजली, की पोलिसाची काठी पडायच्या आत पथारी गुंडाळायची. शिटीचा हा धाक दुधरामच्या हाडीमाशी खिळला होता. स्टेशनावरच त्याचा गळा ऐकून नाटकवाल्यांनी त्याला नेलं.

आज दवनीवाडा गावच्या नाटकात तो पहिल्यांदा राजा झाला होता. अंगात भरजरी अंगरखा, डोक्यावर मुकुट. गाणं कसंबसं संपवलं, तोच गर्दीतून कर्कश शिटी आली. राजाचे गुडघे आपसूक वाकले. मुकुटासकट तो भर स्टेजवर उकिडवा बसला, मान खाली घालून काठीची वाट बघत.

राणी झालेली वच्छला वाकून त्याच्या कानाशी पुटपुटली, “काऊन बसले जी? उठा, लोक वन्समोर मागून राहिले!”