खंडेनवमीचं अपडेट

मोबाईलवर आकडा बासष्टला आला आणि तिथंच थिजला. दामिनीनं पुन्हा उघडून पाहिलं. संपर्क तुटला आहे.

तीन ढांगांत ती जिन्याखाली पोचली. तिथं भिंतीवर पत्त्यांच्या कॅटाएवढा तिचा कॉम्प्युटर असायचा. नळाला पाणी आलं का, टाकीत किती चढलं, मोटर कधी लावायची, कधी थांबवायची, सगळं तो वाय-फायवरून बघायचा. आता तिथं नुसती वायर लोंबत होती. शेजारच्या बटणावर सकाळी तिनंच चिकटवलेला कागद जागच्या जागी होता: ‘अपडेट चालू आहे. बटण बंद करू नये.’ आणि बटण खरंच कुणी बंद केलं नव्हतं.

कॉम्प्युटर कुठं गेला म्हणून तिनं आईला विचारलं. आईनं पुरण वाटता वाटता हनुवटीनं देवघराकडे दाखवलं.

देवघरासमोर घोंगडी अंथरून गुरुपादप्पा अज्जांनी खंडेनवमी मांडली होती. किराणा दुकानातला जुना पितळी तराजू, चिंचेनं घासून लख्ख केलेली मापं, बाबांचा इलेक्ट्रॉनिक काटा, आईची शिलाई मशीन, विळी, अडकित्ता. आणि काटा नि शिलाई मशीनच्या मधोमध दामिनीचा कॉम्प्युटर. त्यावर विभूतीची तीन बोटं, वर झेंडूचं फूल. अज्जा त्यालाही चिंच लावणार होते, आईनं कसंबसं आवरलं.

“अज्जा, त्याचं अपडेट चालू होतं की.”

“बटनाला हात लावला न्हाई मी. कागद वाचला. वायर तेवढी उपसली.”

सहा महिने ज्याला अज्जा पोरीचं खेळणं म्हणत आले, ते आज हत्यारांच्या रांगेत बसलं होतं. दामिनीच्या हे ध्यानात आलं, आणि आतून काहीतरी टुणकन उडालं. पण खूश व्हायला सवड कुठं होती?

आज नळाचा दिवस होता. आठ दिवसांनी पाणी येणार, अकराच्या पुढं कधीही. मागच्या खेपेला नळ गेल्यावरही मोटर तासभर कोरडी घरघरत राहिली आणि बाबांनी सांगून टाकलं होतं, अजून एकदा असं झालं की ही डबी कपाटात, दहावीची परीक्षा होईपर्यंत. त्या चुकीची दुरुस्ती या नव्या अपडेटमध्ये होती. आणि ते बासष्टवर मोडलं होतं.

ती कॉम्प्युटर उचलायला वाकली तशी अज्जांनी हात आडवा घातला. मांडलेलं हत्यार उद्या सकाळपर्यंत जागचं हालवायचं न्हाई.

“आणि न हालवता वायर लावली तर?”

अज्जांनी मिशीवरून बोट फिरवलं. “लाव. पण फुलाला धक्का लागू देऊ नको.”

बाबा आंघोळ करून आले तर लेक पूजेसमोर पालथी पडलेली आणि स्वयंपाकघरातून एक लांब वायर घोंगडीपर्यंत आलेली. आज हत्याराला सुट्टी असते, असं ते म्हणाले. नळाला हाय का सुट्टी, असं अज्जांनी विचारलं.

बिघडलेलं मेमरी कार्ड तिनं नखानं काढलं. रात्री नक्कल करून ठेवलेलं दुसरं कार्ड बसवलं. आधी नक्कल, मग अपडेट, हे शहाणपण ती दोनदा हात पोळून शिकली होती. लाल दिवा लागला, मग हिरवा. अपडेट पहिल्यापासून सुरू. दहा. बावीस. चाळीस.

चाळीसला भिंतीपलीकडून सिंधुमावशीनं हाळी दिली, नळ आला म्हणून. गल्लीभर घागरी, बादल्या वाजायला लागल्या. बाबा तडक मोटरच्या बटणाकडे निघाले.

“संगू, थांब,” अज्जा बाबांना म्हणाले.

“आप्पा, आठ दिवसांचं पाणी हाय.”

“तुझा काटा ठरेपर्यंत गिऱ्हाईक थांबतं का न्हाई? थांब मग.”

बाबा थांबले. आई पुरणाचे हात तसेच घेऊन दारात आली. एकाहत्तर. अठ्ठ्याऐंशी. देवाकडे कुणाचंच लक्ष नव्हतं, सगळे दामिनीच्या मोबाईलवर वाकलेले. शंभर झाले आणि हिरवा दिवा गेला. दामिनीनं मोबाईल सोडून फुलाखाली डोकावलं. ते आपलं आपण बंद होऊन पुन्हा लागतं, हे तिला पाठ होतं, तरी डोकावलं.

फुलाखाली दिवा लुकलुकला. अंगणात टक् झालं आणि मोटर गुरगुरली. वरून टाकीत धार पडल्याचा आवाज आला. दामिनीनं जागच्या जागी चार उड्या मारल्या, मापं किणकिणली, आई ओरडली.

खरी परीक्षा तासाभरानं झाली. टाकी चार बोटं रिकामी असताना नळ गेला. मागच्या वेळी घात झाला तो इथंच. बाबा बटणाशी जाऊन उभे राहिले, लावायला नव्हे, बंद करायला. दामिनी मनात आकडे मोजत होती. नऊपर्यंत पोचली आणि मोटर आपोआप गप्प झाली.

बाबांनी बटणावरचा हात काढला. “हाव, जमलं,” एवढंच म्हणाले. पण पूजेला येताना कडेच्या वायरीवर पाय पडू नये म्हणून त्यांनी धोतर वर धरलं होतं.

अज्जांनी दिवा लावला. आधी त्यांनी तराजूला ओवाळलं. मग बाबांनी काट्याला, आईनं शिलाई मशीनला. दामिनी दर वर्षीसारखी मागं उभी राहून घंटी वाजवत होती. आईनं तबक खाली ठेवायला घेतलं, तर अज्जांनी ते मधेच धरलं आणि मागं वळले.

“घे. ज्याचं हत्यार त्यानंच ओवाळायचं असतं.”

दामिनीनं घंटी बाबांच्या हातात दिली.